वॉरंटी वेगळी, बाळिकी वेगळी

आमच्या घरात जिन्याखालच्या कोनाड्याला पूर्वी काही मान नव्हता. केरसुण्या, कांद्याची पाटी आणि गणपतीचे मखर एवढाच त्याचा संसार. तीन वर्षांपूर्वी तिथे इन्व्हर्टरची बॅटरी आली आणि कोनाड्याचे दिवस पालटले. कारण त्याच सुमारास सासूबाईंना डॉक्टरांनी रात्रीचा ऑक्सिजन लावायला सांगितला. खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन काढून देणारे ते यंत्र विजेवर चालते. वीज गेली की ते आधी एक शिट्टी मारते आणि मग गप्प होते. ती शिट्टी ज्यांच्या घरात ऐकू येते त्यांना बॅटरी म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

सासूबाई मूळच्या धारवाडच्या. आम्ही सगळे त्यांना अव्वा म्हणतो. त्या घरात कन्नड बोलतात, मी मराठीत उत्तर देते आणि लेक दोन्हीची खिचडी करते. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत हेच चालते, म्हणून याचे कौतुक सांगत नाही. पण पुढे जे सांगायचे आहे, त्यातला मुख्य शब्द मला कन्नडनेच दिला.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. वळवाचा पाऊस झाला, वारा सुटला आणि रात्री एकच्या सुमाराला वीज गेली. हे नोकरीनिमित्त हुबळीला. मी कूस बदलून झोपले, कारण जिन्याखाली बॅटरी होती आणि तिच्या कार्डावर छत्तीस महिने लिहिले होते. अजून एकतिसावाच महिना चालला होता. वीस मिनिटांत शिट्टी झाली. मी धावत गेले तर इन्व्हर्टरचा लाल दिवा लागलेला. कोपऱ्यात ऑक्सिजनचा एक छोटा सिलिंडर होता. तो उघडायचा पाना माझ्या हातात, मोबाईलचा उजेड लेकीच्या हातात आणि अव्वा पलंगावर बसून आमच्या दोघींच्या तोंडाकडे पाहत होत्या. पाना बसेना. हात थरथरत होते. अखेर बसला, सुईप्रमाणे आवाज करीत हवा सुरू झाली आणि अव्वा म्हणाल्या, "हेदरबेड, नानु चलो अदीनि." घाबरू नकोस, मी बरी आहे. धीर कोणी कोणाला द्यायचा, तेच उलटे झाले होते.

वीज साडेचारला आली. सकाळी कॉलेजला जाण्याआधी मी वॉरंटी कार्ड पर्समध्ये टाकले आणि दुकान गाठले.

त्यानंतरचे सहा आठवडे थोडक्यात सांगते. बॅटरी पहिल्यांदा गेली ती "चार्ज करून बघतो" म्हणून. चार दिवसांनी "ठणठणीत आहे" असे सांगून परत आली. पुन्हा तोच प्रकार. तिसऱ्या वेळी कंपनीचा माणूस हायड्रोमीटर घेऊन घरी आला. सहा कप्प्यांपैकी पाच कप्प्यांतल्या अॅसिडची घनता बाराशेच्या पुढे आणि एका कप्प्याची अकराशे. एक कप्पा मेला होता. मी मनात म्हटले, चला, आता तरी बदलून मिळेल. तेवढ्यात त्याने विचारले, "मॅडम, पाणी कुठले घालता?" मी अभिमानाने सांगितले, "साधे नाही हो, आरओचे." त्याने मान हलवली आणि कार्डाच्या मागच्या बाजूला, मुंगीच्या आकाराच्या अक्षरांत छापलेली एक ओळ दाखवली. डिस्टिल्ड वॉटरखेरीज अन्य पाणी वापरल्यास हमी रद्द. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतात आणि ते बॅटरीच्या शिशाला मानवत नाहीत. हे मला तेव्हा कळले.

मी एम. ए. झालेली बाई. वर्गात मुलांना सांगते, मजकूर नीट वाचा, शब्दाशब्दाचा अर्थ लावा. आणि माझ्याच घरातले कार्ड मी तीन वर्षांत एकदाही उलटून पाहिले नव्हते. भरवशाच्या म्हशीला टोणगा, ही म्हण मी कितीदा शिकवली असेल! म्हैस आमच्याच जिन्याखाली बांधलेली होती.

आमच्या गल्लीचे वायरमन, ज्यांना लहानथोर सगळे मामा म्हणतात, ते ती मेलेली बॅटरी उचलायला आले. त्यांना मी सगळी हकिकत तावातावाने सांगितली. एकतीस महिने, छत्तीस महिने, असे मी म्हणत राहिले. ते बिडीचे थोटूक विझवीत शांतपणे म्हणाले, "वारंटी ब्यारे, बाळिकी ब्यारे री, मेडम."

वॉरंटी वेगळी, बाळिकी वेगळी. आपण मराठीत वस्तू टिकते म्हणतो. कन्नडमध्ये वस्तू 'बाळिके' येते. बाळ म्हणजे जगणे, संसार करणे. वस्तू किती जगेल हा एक प्रश्न आणि ती आधी मेली तर कंपनी काय देईल हा दुसरा. आपण दुकानात उभे राहून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकतो आणि पहिल्याचे मिळाले असे समजून घरी येतो. माझे अगदी हेच झाले होते.

आता नवी बॅटरी घ्यायचीच होती. ह्यांनी ठरवले की छतावर दोन किलोवॅटची सोलर पॅनेलही बसवून टाकू. अनेकांनी विचारले, २०२३ पासून कर्नाटकात गृहज्योती आहे, दोनशे युनिटांपर्यंतचे बिल शून्य येते, मग सोलरचा खटाटोप कशाला? त्यांचे बरोबर होते. बिलाच्या हिशेबाने आमचा खटाटोप फारसा बसत नव्हता. पण आमचा प्रश्न बिलाचा नव्हता, रात्री एकच्या शिट्टीचा होता.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती मलाही ठाऊक नव्हती. छतावर नुसती पॅनेल बसवून ती विजेच्या लाईनला जोडली, तर लाईन गेल्यावर भर उन्हातही घरात वीज येत नाही. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला आपल्या छतावरच्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून तो इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. अंधारात दिवा हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागतेच. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतले अनुदान, म्हणजे एका किलोवॅटला तीस हजार, दोनला साठ हजार आणि तीन किंवा त्याहून अधिकला अठ्ठ्याहत्तर हजार रुपये, हे पॅनेलच्या किलोवॅटवर मिळते, बॅटरीवर नाही. बॅटरीचे पैसे आपल्याच खिशातून. म्हणून कार्ड वाचायचे तर इथेच.

एका रविवारी जेवणाच्या टेबलावर दोन कोटेशने आणि दोन वॉरंटी कार्डे पसरून मी आणि पीयूसीला असलेली लेक बसलो. एक होते जुन्या ओळखीच्या शिशाच्या ट्युब्युलर बॅटऱ्यांचे. दीडशे एएचच्या दोन, मिळून छत्तीस हजार रुपये. दुसरे होते लिथियम आयर्न फॉस्फेटच्या पाच युनिटांच्या बॅटरीचे, एक लाख वीस हजार रुपये. पहिल्या कार्डावर "३६+२४", दुसऱ्यावर "१० वर्षे".

आधी पहिले. ३६+२४ याचा अर्थ साठ महिन्यांची हमी असा दुकानात लावला जातो. तो पुरता खरा नाही. पहिले छत्तीस महिने बॅटरी बिघडली तर बदलून मिळते. पुढचे चोवीस महिने 'प्रो-राटा', म्हणजे जितकी वापरली तितके पैसे कापून उरलेल्याची सूट. ही सूट पुष्कळदा छापील किमतीवर धरतात आणि बाजारात बॅटरी मुळातच छापील किमतीहून स्वस्त मिळते. त्यामुळे शेवटच्या वर्षी हातात पडणारी सूट ही दुकानदार एरवीही देतो तेवढीच निघते. आणखी एक मेख अशी, की बदलून मिळालेल्या बॅटरीला नवी छत्तीस महिने मिळत नाहीत. पहिल्या खरेदीच्या तारखेपासूनच मोजतात. पस्तिसाव्या महिन्यात बदलली तर तिची बदलून मिळण्याची हमी एकाच महिन्याची.

मग बाळिकीचे काय? चांगली ट्युब्युलर बॅटरी, वेळेवर डिस्टिल्ड वॉटर घातले आणि रोज तळापर्यंत रिकामी केली नाही, तर साधारण चार ते सहा वर्षे जाते. तिचे गणित असे. बारा व्होल्ट गुणिले दीडशे एएच, म्हणजे अठराशे वॅट-तास, पावणेदोन युनिटांहून थोडी जास्त वीज. पण ही सगळी रोज वापरली तर तिचे आयुष्य भराभर सरते. निम्मी वापरावी हा शहाणपणाचा मार्ग. अव्वांचे यंत्र साडेतीनशे वॅटचे. म्हणजे कागदावर एका बॅटरीवर ते पाच तास चालायला हवे, पण निम्मी वीज आणि इन्व्हर्टरमधली तूट धरली की हिशेब दोन तासांवर येतो. दुकानात मला पाच तास सांगितले होते. खोटे नव्हते, फक्त तो आकडा बॅटरीच्या पहिल्या दिवसाचा होता आणि तोही सगळे रक्त काढून घेतल्यावरचा.

उष्णतेचे आणखी निराळे. शिशाच्या बॅटरीला पंचवीस अंश मानवते. त्यावर दर दहा अंशांना तिचे आयुष्य जवळजवळ निम्म्याने घटते, असा ठोकताळा आहे. आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर, हवा थंड, हे आपले भाग्य. पण पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गच्चीवरच्या खोलीत एप्रिलच्या दुपारी बॅटरी ठेवली तर ते भाग्य कामाला येत नाही. शिवाय चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. म्हणून जागा हवेशीर हवी, देवघरातल्या समईजवळ तर मुळीच नको.

आता दुसरे कार्ड. दहा वर्षे हा आकडा मोठ्या अक्षरांत. लेकीने पेन्सिल घेऊन लहान अक्षरे वाचायला सुरुवात केली आणि थोड्याच वेळात मोठ्या अक्षरांचा रुबाब कमी झाला. पहिली अट, दहा वर्षे किंवा अमुक इतकी सायकल, यांपैकी जे आधी संपेल ते. दुसरी, बॅटरीतून एकूण किती वीज बाहेर काढली याची मर्यादा. समजा पाच युनिटांच्या बॅटरीतून रोज साडेचार युनिट वापरले, तर वर्षाला सुमारे सोळाशे चाळीस युनिट होतात. एखाद्या कार्डावर दहा वर्षे किंवा बारा हजार युनिट असे लिहिले असेल, तर रोज वापरणाऱ्याची हमी सव्वासात वर्षांतच संपते. त्याउलट आठवड्यातून दोनदाच वीज जाणाऱ्या घरात ही मर्यादा कधी येणारच नाही. तिथे वर्षेच आधी भरतील, कारण बॅटरी नुसती ठेवूनही म्हातारी होते.

तिसरी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. दहा वर्षांनी बॅटरी किती शिल्लक राहील याचा आकडा. कोणी सत्तर टक्के लिहितो, कोणी साठ. टेस्लाची पॉवरवॉल नावाची घरगुती बॅटरी परदेशात विकली जाते, तिची हमी दहा वर्षांनी सत्तर टक्के अशी आहे. आमच्या कार्डावर साठ होते. पाच युनिटांचे साठ टक्के म्हणजे तीन युनिट, सत्तर टक्के म्हणजे साडेतीन. अर्ध्या युनिटाचाच फरक. लेक म्हणाली, "आई, अर्धा युनिट म्हणजे अव्वाचं यंत्र जवळजवळ दीड तास." तेव्हापासून टक्केवारी मला तासांत दिसू लागली. तुम्हीही कार्ड वाचताना टक्क्यांचे तास करून पाहा. घरात आजारी माणूस असो की परीक्षेला बसलेले पोर, हिशेब लगेच समजतो.

आम्ही दुसऱ्या एका कंपनीचे सत्तर टक्केवाले कार्ड मागवले, किंमत तेवढीच. मग लेकीने प्रतियुनिट खर्च काढला. शिशाच्या दोन बॅटऱ्यांतून रोज एक पूर्णांक आठ युनिट, पाच वर्षे, म्हणजे सुमारे तेहतीसशे युनिट. छत्तीस हजारांना भागले तर युनिटला अकरा रुपये. लिथियममधून दहा वर्षांत, क्षमता घटत जाते ते धरून, चौदा हजार युनिट. एक लाख वीस हजारांना भागले तर साडेआठ रुपये. महाग वाटणारी स्वस्त निघाली. पण हा हिशेब रोज वापर असेल तरच. ज्यांना महिन्यातून चारदा दोन पंखे आणि टीव्ही चालवायचा आहे, त्यांनी शिशाची बॅटरी घेऊन वेळेवर डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि सुखाने झोपावे. शेजाऱ्याने घेतली म्हणून लाख रुपये घालू नयेत.

या बॅटऱ्यांचा इतिहासही लेकीनेच शोधला. शिशाची बॅटरी १८५९ सालची, प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाची. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली. त्यातल्या लोह-फॉस्फेटच्या प्रकाराचा मूळ शोधनिबंध १९९७ चा. त्याच्या लेखकांत पुढे नोबेल मिळालेले गुडइनफ होते आणि त्यांच्या बरोबर पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन नावे होती. नंजुंडस्वामी हे नाव ऐकून अव्वांनी जपमाळ थांबवली. "नम्मवरा?" आपले का? नंजनगूडच्या देवाचे नाव, विष पचवणाऱ्या शंकराचे. त्या बॅटरीत शिसे नसते हे मी सांगितल्यावर तर त्यांना ती अधिकच घरची वाटली.

आणि तरीही खरेदी अडली ती अव्वांपाशीच. कोटेशने बघून, आमची कुजबुज ऐकून त्या एका संध्याकाळी म्हणाल्या, "दहा वर्षांची कशाला घेता गं? मला दहा वर्षं काय करायची आहेत? तीन वर्षांची स्वस्तातली आण, पुरे." हे त्या मुद्दाम मराठीत बोलल्या. मनाला लागेल असे काही बोलायचे असले की त्या माझ्या भाषेत बोलतात.

मी काय उत्तर देणार? त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. दिवसभर मी दोन आयुष्यांची तुलना करीत होते, शिशाचे पाच आणि लिथियमचे दहा. त्याच टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर तिसरे आयुष्य बसून सगळे ऐकत होते, याचे भान मला राहिले नव्हते. माणसाला छत्तीस अधिक चोवीस असे कार्ड मिळत नाही. मिळाले असते तरी मागच्या बाजूची बारीक अक्षरे कोणी वाचली असती?

लेकीनेच वाट काढली. "अव्वा, तुझ्यासाठी नाहीच ती. मला रात्री अभ्यासाला लागते. तू फक्त वाटणी घे." अव्वा खुदकन हसल्या आणि प्रश्न मिटला.

आता दोन-चार गोष्टी अनुभवाच्या म्हणून सांगते. बिल पक्के घ्या आणि कार्डावर खरेदीची तारीख, दुकानाचा शिक्का आणि बॅटरीचा सीरियल नंबर दुकानातच लिहून घ्या. घरी आल्यावर त्याचा फोटो काढून ठेवा, कारण छपाई दोन वर्षांत पुसट होते. हमीत बॅटरी नेण्या-आणण्याचा आणि बसवण्याचा खर्च आहे का ते विचारा. कुठल्या इन्व्हर्टरबरोबर जोडायची परवानगी आहे, हेही पाहा. दहा वर्षांची हमी देणारी कंपनी स्वतः किती वर्षांची आहे आणि तिचे दुरुस्तीचे केंद्र आपल्या जिल्ह्यात आहे का, हे विचारायला लाजू नका. तक्रार नेहमी लेखी करा आणि पोच घ्या. न्याय्य दावा फेटाळला गेला तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगही आहे. तिथे वकील लागतोच असे नाही, दोन वर्षांच्या आत जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. मी गेले नाही, कारण चूक माझ्याच पाण्याची होती. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. तिच्यात निम्म्याहून अधिक वजन शिशाचे असते आणि उघड्यावर फोडली की ते शिसे कोणाच्या तरी विहिरीत उतरते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. दुकानदार किमतीत वजावटही देतो.

श्रावणात बॅटरी बसली. मामांनी ती जिन्याखाली भिंतीला टांगली. अव्वा काठी टेकत आल्या, तिला हळदकुंकू लावले आणि मला विचारले, "एष्टु दिना बाळिकी बर्तदव्वा इदु?" किती दिवस टिकेल गं ही? धारवाडकडे सुनेलाही लाडाने अव्वाच म्हणतात.

मी म्हटले, "दहा वर्षांची हमी आहे." त्यांनी मान हलवली. त्यांनी हमी विचारलीच नव्हती.

कार्ड आता अव्वांच्या औषधांच्या फायलीतच ठेवले आहे, दोन्ही कागद एका जागी सापडावेत म्हणून. कालनिर्णयावर अव्वांच्या डॉक्टरांची तारीख निळ्या शाईने आणि दर तीन महिन्यांनी बॅटरीवर यंत्र किती तास चालते हे तपासायची तारीख लाल शाईने लिहिलेली असते. मागच्या वेळी मेन स्विच बंद करून पाहिले. यंत्र रात्रभर चालले. अव्वा गाढ झोपल्या होत्या. मी मात्र सवयीने जागीच होते, शिट्टीची वाट पाहत. ती झालीच नाही.